दारफाळणीचा सण आणि ‘पश्चात्ताप’: बेने इस्रायलांच्या मराठीतील पापविचार

कोकणातील बेने इस्रायल समाजाने आपल्या सणांना जी मराठी नावे दिली ती एकत्र वाचली असता एक गोष्ट ध्यानात येते. या नावांत धर्मशास्त्राची परिभाषा जवळजवळ नाही. आहे ती घरातील वस्तूंची आणि कृतींची भाषा. वर्षारंभाचा तो नव्याचा सण, खिरीवरून खिरीचा सण, यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाबद्दल पाळावयाचा उपवास तो बिरड्याचा रोजा. ज्या दिवसाला हिब्रू ग्रंथ ‘योम किप्पूर’ म्हणतात, जो ज्यू वर्षातील सर्वांत गंभीर दिवस, त्याचे नाव दारफाळणीचा सण, म्हणजे दार लावण्याचा सण. पुढे ग्रांथिक मराठीने याच दिवसाला ‘प्रायश्चित्ताचा दिवस’ असे भारदस्त नाव दिले आणि त्या दिवसाच्या केंद्रस्थानी असलेल्या ‘तेशुवा’ या कल्पनेसाठी ‘पश्चात्ताप’ हा शब्द रूढ केला. ही दोन्ही भाषांतरे शब्दशः चूक नाहीत. तरीही मूळ विचाराचा कणा त्यांच्यातून निसटला आहे, आणि ज्या अशिक्षित तेल्याने दारफाळणी हा शब्द घडविला तो त्या विचाराच्या अधिक जवळ गेला आहे, असे या शब्दांची चिकित्सा करता म्हणावे लागते.

या समाजाची परंपरा सर्वश्रुत आहे. अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या व त्यांच्यापासून वंश वाढला, अशी त्यांची पूर्वकथा. ते तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव पडले. ग्रंथ नव्हते, धर्मगुरू नव्हते, हिब्रूपैकी ‘शमा’ ही एक प्रार्थना तेवढी ओठांवर उरली होती. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर 1796 साली उभे राहिले. हाइम शमुवेल केहीमकर (1830–1908) यांनी 1897 च्या सुमारास इंग्रजीत लिहून ठेवलेला आणि 1937 मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला या समाजाचा इतिहास हाच त्या जुन्या आचारांचा मुख्य आधार होय. त्यावरून असे दिसते की दारफाळणीच्या दिवशी ही माणसे स्नान करून, पांढरी वस्त्रे नेसून, घराची दारे लावून बसत. परक्यांशी स्पर्श व बोलणे टाळीत आणि उपवास करीत. दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी आप्तेष्टांच्या भेटी आणि गरिबांना दानधर्म.

येथे एक आक्षेप सहज सुचेल. पांढरे वस्त्र, स्नान, परक्याचा विटाळ टाळणे ही तर उघड उघड शेजारच्या हिंदू घरांतील सोवळ्याची छाया आहे. तिच्यात पापविचार कोठे शोधावयाचा? आक्षेप बिनतोड दिसला तरी अपुरा आहे. पांढरे वस्त्र व उपवास हे जगभरच्या ज्यूंचेही आचार आहेत, आणि सोवळ्यात माणूस जे दार लावतो ते दुसऱ्याच्या अशुद्धीपासून वाचण्यासाठी असते. दारफाळणीच्या दाराचा रोख तसा आहे की काय, हे ठरविण्यासाठी आधी मूळ कल्पनेकडे वळणे प्राप्त आहे.

पापासाठी हिब्रूत एक शब्द नाही. निदान तीन आहेत. ‘हेत’ म्हणजे नेम चुकणे, ‘आवोन’ म्हणजे वाकडेपणा, ‘पेशा’ म्हणजे बंडखोरी. पहिल्यात अजाणता घडलेली चूक येते, दुसऱ्यात जाणूनबुजून केलेले कृत्य, तिसऱ्यात धन्याविरुद्ध उभे राहणे. मराठीत ‘पाप’ हा एकच शब्द तिन्ही ठिकाणी बसवावा लागतो आणि तो बसताना वस्तुरूप होऊन बसतो. आपल्या बोलीत पाप ‘लागते’, पाप ‘फिटते’, पाप ‘धुऊन जाते’, पापाचा घडा ‘भरतो’. म्हणजे पाप हा एक मळ आहे, एक भार आहे. हिब्रूतील तिन्ही शब्द मात्र माणसाच्या चालीविषयी बोलतात: तो चुकला, वाकला, उलटला. अशा कल्पनेत पापाचा उपाय धुणे हा दुय्यम ठरतो. वाट चुकलेल्याने करावयाचे ते एकच, परत फिरणे. ‘तेशुवा’ या शब्दाचा अर्थ नेमका हाच आहे. ‘शूव’ म्हणजे परतणे, आणि तेशुवा म्हणजे परतणी.

बाराव्या शतकात मैमोनिडीस (1138–1204) या तत्त्ववेत्त्याने आपल्या ‘मिश्ने तोरा’ या ग्रंथात तेशुवेच्या नियमांना दहा अध्याय दिले. त्यातील दुसऱ्या अध्यायातील क्रम फार बोलका आहे. पाप करणाऱ्याने प्रथम ते कृत्य सोडावे, मनातून काढून टाकावे, पुन्हा न करण्याचा निश्चय करावा. झाल्या गोष्टीची खंत त्यानंतर येते. आणि हे सर्व ओठांनी, शब्दांत, कबूल करावे. खंत आहे, पण ती दाराशी उभी नाही. पूर्ण तेशुवेची कसोटीही भावनेची नाही: तोच प्रसंग पुन्हा यावा, तेच पाप करण्याची शक्ती अंगात असावी, आणि माणसाने ते करू नये. म्हातारपणी शक्ती गेल्यावर सुटलेल्या पापाची किंमत ग्रंथकार कमी लावतो. तीही तेशुवाच, पण श्रेष्ठ नव्हे.

याहून कठोर नियम इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नातील ‘योमा’ या प्रकरणाच्या शेवटी येतो. माणूस आणि ईश्वर यांच्यामधील पापे किप्पूरच्या दिवसाने क्षमा होतात. माणूस आणि माणूस यांच्यामधील पापे, ज्याचा अपराध केला त्याची समजूत घातल्यावाचून त्या दिवसानेही क्षमा होत नाहीत. ईश्वर येथे आपला अधिकार आवरून धरतो. मैमोनिडीसने हा नियम शेवटपर्यंत नेला आहे. अपराध्याने क्षमा मागावी. न मिळाल्यास तिघांना घेऊन पुन्हा जावे, तीन वेळा जावे. आणि ज्याचा अपराध केला तो मरण पावला असेल तर दहा माणसांना त्याच्या थडग्याजवळ नेऊन तेथे कबुली द्यावी. हे वाचताना तेशुवा म्हणजे मनाची अवस्था नसून पायांनी चालून जाण्याचे काम आहे, याविषयी संशय राहत नाही. किप्पूरच्या दुपारी योनाची कथा वाचतात. निनवे नगराने गोणपाट नेसून उपवास केला. परंतु ईश्वराने पाहिले ते त्यांचे गोणपाट वा उपवास नव्हे, तर त्यांची कृत्ये पाहिली, असे मिश्नाकारांनी उपवासांच्या प्रकरणात मुद्दाम बजावले आहे.

आता मराठी शब्द पाहू. ‘पश्चात्ताप’ म्हणजे मागाहून होणारा ताप. ‘अनुताप’ म्हणजे पाठोपाठ येणारा ताप. दोन्ही शब्दांत जळणे आहे, चालणे नाही. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात मराठी बायबल सिद्ध केले तेव्हा नव्या करारातील योहानाच्या हाकेसाठी त्यांनी ‘पश्चात्ताप’ घेतला, आणि पुढे तोच शब्द मराठी धर्मलेखनाचा कायमचा शब्द झाला. ग्रीक मुळात त्या जागी मन पालटण्याचा अर्थ आहे. म्हणजे परतणे, मन पालटणे आणि जळणे, अशी ही कल्पना तीन भाषांत दोन पायऱ्या आत आत सरकत गेली आहे: रस्त्यावरून मनात, मनातून काळजात. बेने इस्रायलांच्या विद्येचा आरंभही याच मिशनरी शाळांच्या सावलीत झाला. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रू व्याकरण मराठीत छापले. योसेफ यहेज्केल राजपूरकर (1834–1905), ज्यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले आणि दाविद ससून संस्थेच्या शाळेचे मुख्याध्यापकपद चार दशके सांभाळले, तेही मुंबईच्या फ्री जनरल असेंब्लीच्या शाळेत शिकले होते. राजपूरकरांच्या पिढीने आपल्या समाजाला त्याची विसरलेली प्रार्थना परत मिळवून दिली, ही कामगिरी लहान नव्हे. मात्र तिला जी मराठी हाताशी मिळाली तीवर आधीच दुसऱ्याच्या धर्मविचाराचे संस्कार झाले होते.

‘प्रायश्चित्त’ या शब्दाची गोष्ट निराळी. ‘किप्पूर’च्या मुळाशी झाकणे, पुसून टाकणे हा अर्थ आहे, आणि मंदिरकाळातील विधीत, लेवीय ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायातील दोन बकऱ्यांच्या विधीत, पापाचे ओझे प्रत्यक्ष एका बकऱ्याच्या मस्तकावर ठेवून त्याला रानात सोडण्यात येई. तेवढ्यापुरते प्रायश्चित्त हे भाषांतर चपखल आहे. परंतु मंदिर इ. स. 70 मध्ये नष्ट झाले, बकरा गेला, आणि मागे राहिली ती कबुलीची प्रार्थना. ती अनेकवचनी आहे. ‘मी’ नव्हे, ‘आम्ही’ अपराध केला, असे प्रत्येक जण हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने, छातीवर मूठ ठेवीत म्हणतो; ज्याने चोरी केलेली नाही तोही चोरीची कबुली देतो. प्रायश्चित्त या शब्दात हे सामुदायिक अंग येत नाही. आपल्याकडे ते व्यक्तीला सांगितले जाते, आणि बहुधा ब्राह्मणांच्या परिषदेकडून.

भारतीय परंपरेत परतण्याची कल्पनाच नव्हती, असा मात्र याचा अर्थ करू नये. महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्रेतिहासाचा 1953 मध्ये निघालेला चौथा खंड पातक, प्रायश्चित्त आणि कर्मविपाक यांची जी विस्तृत छाननी करतो ती वाचणाऱ्याला असे म्हणवणार नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीच्या साधनांत सर्वांत आधी येते ते ‘ख्यापन’, म्हणजे आपले कृत्य उघडपणे सांगणे. अनुताप त्याच्या मागोमाग. पुढे लगेच, पुन्हा असे करणार नाही या ‘निवृत्ती’ने माणूस शुद्ध होतो, असा निर्वाळा आहे. कबुली, ताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय हे मैमोनिडीसचे तिन्ही घटक येथे उभे आहेत. आणि ‘निवृत्ती’ हा शब्द तर धात्वर्थाने ‘तेशुवा’चा सख्खा भाऊ, मागे वळणे! दुर्दैव असे की मराठीत पोहोचेपर्यंत निवृत्ती संसारत्यागाकडे निघून गेली होती. तेशुवेला निवृत्ती म्हणावे तर वाचकाला भगवी वस्त्रे दिसू लागतील, आणि अलीकडच्या वाचकाला निवृत्तिवेतन.

ही अडचण केवळ कोशातली नाही. तिचे सर्वांत मोठे वाङ्मयीन रूप छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातीलच पैठणच्या एकनाथांनी लिहून ठेवले आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधावरील त्यांची टीका 1573 मध्ये वाराणसीत पुरी झाली. तिच्या तेविसाव्या अध्यायातील भिक्षुगीताची कथा अवंतीच्या एका कदर्यूची आहे. या कृपणाने बायकामुलांना उपाशी ठेवले, अतिथीला हाकलले, देवपितरांना वंचित केले. मग भाऊबंद, चोर, राजा आणि दैव यांनी त्याचे धन नेले. दारिद्र्यात त्याला अनुताप झाला. एकनाथांच्या प्रतिभेला येथे अपूर्व बहर आला आहे. द्रव्यलोभाचे एवढे सूक्ष्म आणि एवढे निर्दय विश्लेषण मराठीत क्वचितच सापडेल. कदर्यू भिक्षू होतो. लोक त्याची विटंबना करतात, अंगावर थुंकतात. तो कोणालाच दोष देत नाही आणि सुखदुःखाचे मूळ मनात आहे असे गातो.

मिश्नाचा तो एक नियम हाती धरून ही कथा पुन्हा वाचली तर एक प्रश्न उभा राहतो. ज्या बायकोला त्याने उपाशी ठेवले तिचे काय झाले? ज्या मुलांच्या तोंडचा घास काढला ती कोठे गेली? कथेला याची दखल घ्यावीशी वाटत नाही. भिक्षूचा अनुताप खरा आहे, त्याची सहनशीलता थोर आहे. परंतु तो घराकडे परतत नाही, घरातून बाहेर पडतो. अपराध एका दारात झाला आणि मुक्ती दुसऱ्या वाटेवर सापडली. कथेचा हेतूच मुळी निराळा असल्यामुळे हा एकनाथांचा दोष नव्हे. तथापि मराठीतील ‘अनुताप’ या शब्दात ही वाट कोरली गेली आहे, आणि तो शब्द वापरणाऱ्या प्रत्येकाचे पाऊल नकळत तिच्यावर पडते.

याच्या शेजारी योसेफाची कथा ठेवावी. बेने इस्रायलांनी 1880 च्या सुमारास मुंबईत हिंदू कीर्तनाचा घाट उचलून बायबलमधील आख्याने साकी-दिंड्यांत गावयास आरंभ केला, ही मराठी वाङ्मयेतिहासातील एक दुर्लक्षित घटना आहे. हरिदासी कीर्तनाचा पूर्वरंग-उत्तररंग हा सांचा बायबलच्या कथांना कसा मानवतो, हे योसेफाच्या कथेकडे त्या दृष्टीने पाहिले म्हणजे कळते. यहूदाच्या सल्ल्याने भावांनी योसेफाला विकले. अनेक वर्षांनी मिसरात, ओळख लपविलेल्या योसेफाने धाकट्या बन्यामिनाला दास म्हणून ठेवून घेण्याचा डाव रचला. तोच प्रसंग, तोच बाप, पुन्हा एक लाडका मुलगा. भावांना त्याला सोडून घरी जाता आले असते. यहूदा पुढे होऊन म्हणतो की त्याच्याऐवजी आपण दास म्हणून राहू. मैमोनिडीसची कसोटी शतकानुशतके आधी येथे कथारूपाने उभी आहे. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की या क्षणी यहूदा अश्रू ढाळीत नाही; ज्याचा अपराध झाला तो योसेफच आधी मोठ्याने रडतो. कोणत्याही कीर्तनकाराला या जागी करुणरसाचा मोह पडेल आणि ‘पश्चात्ताप’ हा शब्द त्याला अश्रू यहूदाच्या डोळ्यांत घालावयास लावील. मूळ कथेत यहूदाची तेशुवा त्याच्या पुढे टाकलेल्या पावलात आहे.

पापाच्या परिणामांविषयी ज्यू ग्रंथ एका स्वराने बोलत नाहीत. निर्गमातील दहा आज्ञांत वडिलांच्या अपराधाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचते. यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात मात्र मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही असे निक्षून सांगितले आहे. कर्मविपाकाच्या सिद्धान्तात हा तंटा उद्भवतच नाही, कारण तेथे भोगणारा आणि करणारा जन्मांतरी एकच असतो. ज्यू विचाराला तो सोडवावा लागला, आणि तो पूर्णपणे सुटलेला नाही, याचा दाखला याच मराठी समाजाच्या वाट्याला आला. निषिद्ध संबंधातून जन्मलेल्या अपत्याच्या वंशाला दहा पिढ्या विवाहबंदी सांगणारा एक नियम अनुवादग्रंथात आहे. 1948 नंतर बेने इस्रायल इस्रायलमध्ये गेले, तेव्हा तेथील रब्बींच्या मनात शंका आली: या लोकांना शेकडो वर्षे घटस्फोटपत्राचा शास्त्रोक्त विधी ठाऊक नव्हता, मग पूर्वजांपैकी कोणा स्त्रीचा पुनर्विवाह अवैध ठरला असल्यास? 1962 च्या आदेशाने विवाहेच्छू बेने इस्रायलांच्या मागील पिढ्यांची चौकशी सुरू झाली. कोणाचे पाप सिद्ध नव्हते, कोणी पापी समोर नव्हता, आणि परिणाम मात्र नातवंडांपर्यंत येऊन ठेपला होता. तेशुवा करावयाची तरी कोणी आणि कशाची? समाजाने यरुशलेममध्ये धरणे धरले. ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटने, म्हणजे तेथील संसदेने, हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव केला, आणि त्यानंतर आदेशातून या समाजाचे नाव वगळण्यात आले. यहेज्केलचा अध्याय कोणाच्या बाजूने होता, हे सांगावयास नकोच.

यानंतर दारफाळणीच्या दाराकडे परत येता येते. किप्पूरच्या संध्याकाळी, उपवास संपण्याच्या आधी, जी शेवटची प्रार्थना होते तिचे नाव ‘नेइला’. अर्थ, लावणे, कुलूप घालणे. दिवसभर उघडी असलेली स्वर्गाची दारे आता लागत आहेत, परतणाऱ्याने त्वरा करावी, ही तिच्यामागील कल्पना होय. कोकणातील तेल्यांना ही प्रार्थना पाठ नव्हती. त्यांच्या सणाच्या नावाचा उगम त्यांच्या आचारात, घराच्या लाकडी दारात आहे. तरीही दोन्हीकडे दारच यावे, हे केवळ मौजेचे नाही. परतण्याची कल्पना जेथे जिवंत आहे तेथे उंबरठा आणि दार यांना अर्थ असतोच. जळण्याच्या कल्पनेला दार लागत नाही. ज्या दाराआड माणूस आपल्याच घरच्यांबरोबर दिवसभर उपाशी बसतो, तेथे पळावयास दुसरी वाट नसते. अवंतीच्या भिक्षूला जे टाळता आले ते येथे टाळता येत नाही. सोवळ्याचे दार परक्याला बाहेर ठेवते. हे दार घरधन्याला आत ठेवते. मुंबईतील 1796 च्या ज्या प्रार्थनामंदिराला लोक जुनी मशीद म्हणत, त्याचे हिब्रू नाव ‘शआर हारहमीम’ असे आहे, म्हणजे दयेचे द्वार. ग्रंथ परत मिळाल्यावर समाजाने निवडलेले नावही दाराचेच असावे!

राहतो तो शिळा सण. शास्त्राच्या दृष्टीने येथे क्रम उलटा झाला आहे, कारण शेजाऱ्याची समजूत किप्पूरच्या आधी घालावयाची असते, मागाहून नव्हे. पुस्तकी पंडित यात अज्ञान पाहील, आणि ते आहेही. पण एक दिवस दाराआड काढल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कोठे जावयाचे, हे त्या अज्ञानाला ठाऊक होते. त्या दिवशी घरोघरी जाणे-येणे होई, भिक्षेकऱ्यांना दान मिळे. आणि सणासाठी घरी आलेले मृतांचे आत्मेही त्याच दिवशी माघारी जातात, अशी समजूत असे.